स्क्रूवाले गमबूट

माझी विहीण, म्हणजे सुनेची आई, समुद्रकाठी मोऱ्याला राहते. ओहोटी लागली की खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढायला उतरते. मुलाच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले तेव्हा मीही हौसेनं तिच्याबरोबर निघाले आणि शेवाळावरून पाय सटकून थेट गुडघाभर पाण्यात बसले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मुलाकडची बाय माज्या दारात पडली. लोकं काय म्हनतील?" हळद लावताना ती हेच घोकत होती.

तेव्हापासून मी गेले की खुर्ची, पंखा, सरबत. ती खडकावर आणि मी ओट्यावर. "तुमी बसा, विहीनबाय. तुमचं काम नाय ते." मानपानाला मी कंटाळले. नोकरी संपल्यावर पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसूनच होते की! मला पाण्यात उतरायचं होतं.

मोबाइलवर एका व्हिडिओत मासे पकडणारा एक जण नदीत उतरायच्या बुटांना तळव्याकडून धातूचे स्टड, म्हणजे घसरू नये म्हणून टोकदार खिळे, लावताना दिसला. मी बाजारातून जाड तळव्याचे गमबूट आणले. हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याला मारायचे, षटकोनी डोक्याचे, सगळ्यांत आखूड स्क्रू मागितले.

"शेड कुठं टाकताय, मॅडम?"

"बुटांना," मी म्हटलं. दुकानदारानं स्क्रू मोजून पुडी बांधली.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसले. पहिला स्क्रू मी तळव्याच्या दोन उंचवट्यांमधल्या खाचेत पिळला. आत हात घालून पाहते तर टोक बोटाला टोचलं. तो काढला, भोकावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ चिकटवलं. मग खाचा सोडून फक्त रबराच्या जाड उंचवट्यांवर लावत गेले. चवड्याखाली, टाचेला, कडेनं. प्रत्येक स्क्रूनंतर आतून हात फिरवायचा. मनगट भरून आलं, पण फार दिवसांनी काहीतरी स्वतःच्या हातानं करत होते, त्यामुळे मजेत होते.

बूट घालून हॉलमध्ये दोन पावलं टाकली तोच नवरा ओरडला, "अगं, फरशी! घरात घोडा आणलायस का?" फरशीवर दोन ओरखडे उठले होते. ते आजही आहेत.

मोऱ्याला पिशवीतून बूट काढले तेव्हा विहीण आधी हसली. मग तळवा उलटा करून तिनं एकेक स्क्रू अंगठ्यानं दाबून पाहिला. स्वतः ती आपल्या नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट घालते.

"पडलात तर?"

"तर परत कधी हट्ट करणार नाही."

उतरलो. ओल्या खडकावर पाऊल ठेवलं की स्क्रू कर्र करून शेवाळात रुतायचे आणि पाय जागच्या जागी थांबायचा. दोन-चार पावलांत माझी भीती गेली. पण आवाज ऐकून कपारीच्या तोंडाशी बसलेली चिंबोरी, चांगला मोठा खेकडा, नांग्या आवरून झटकन आत शिरली.

"गेली!" विहीण म्हणाली. "चिंबोऱ्या तुमच्या नशिबात नाय. तुमी कालवंच काढा, ती पलत नाय."

तिनं मला कोयती दिली. शिंपल्याच्या कडेला टोक कसं घालायचं, ते दाखवलं. माझी बरीचशी कालवं फुटली, तरी वाडग्याचा तळ झाकला गेला. उत्साहाच्या भरात मी पुढच्या, पाण्याकडे उतरणाऱ्या गुळगुळीत कातळावर पाय टाकला. तिथे शेवाळ नव्हतं, रुतायला काहीच नव्हतं, स्क्रू घसरले.

"अगो ए! तिथं नको जाऊ! फिर मागं, डोलं फुटलं का तुजं?"

मी मागे फिरले. विहिणीनं जीभ चावली. "चुकून त्वांडातून गेलं हो. माफ करा."

"माफ कशाला?" मी म्हटलं. "असंच बोला की. मला बरं वाटलं."

 तिनं वाडगं माझ्या हातातून घेतलं, आत बोट फिरवून परत दिलं आणि म्हणाली, "मग ही शिंपल्याची कुसं काढ आधी. दाताखाली आली तर जेवनाची मजा जाईल."

घरी आल्यावर चुलीशी मला पाट मिळाला आणि कांदे चिरायला मिळाले. कालवांचं सुकं आणि तांदळाची भाकरी खाऊन आम्ही दोघी चटईवर आडव्या झालो. या वेळी पंखा माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळवलेला होता.