एकवीस वेळा जखमी झालेले काका

आमच्या समोरच्या खोलीतले काका आजवर एकवीस वेळा जखमी झाले, चार वेळा भाजले, दोनदा धुरात गुदमरले आणि एकदा तर चक्क वारले. आणि दर वेळी संध्याकाळी सहाच्या आत घरी परतून त्यांनी चहात बुडवून खारी खाल्ली. सरकारची इतकी कसून परीक्षा घेणारा माणूस अख्ख्या परळ-लालबागात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो आडवा पडून घेत नसेल. त्याचं असं की, उद्या कुठे आग लागली किंवा इमारत कोसळली तर सरकारी माणसं किती वेळात पोचतील आणि काय करतील हे पाहायला अधूनमधून रंगीत तालीम होते. तिला हल्ली सगळे मॉक ड्रिल म्हणतात. त्यात खोटे जखमी लागतात. गळ्यात ‘उजवा पाय मोडला’ असा पुठ्ठा अडकवून उन्हात पडून राहायला कोण तयार होणार? काका तयार होतात. नुसते तयार होत नाहीत, आदल्या दिवशी दाढी करून, धुतलेला लेंगा घालून, किल्लीचं घड्याळ रेडिओशी जुळवून जातात.

काका आणि माझे बाबा एकाच गिरणीत होते. बाबा सुतारखात्यात, काका आगखात्यात. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, त्यामुळे तिच्यावर पाणी मारून झालं तरी राखण करत बसावं लागतं, हे काकांनी मला लहानपणी इतक्या वेळा सांगितलंय की शाळेत ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधातही मी ते घुसवलं होतं. गिरणी बंद पडली, काकांचं राखण करणं काही बंद पडलं नाही. त्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला आणि तिथल्या पहिल्याच ड्रिलला काका हजर. घरी येऊन काकींना म्हणाले, “जिथे सतरा वर्षं उभा राहिलो, तिथे आज आडवा झालो. फरशी गार आहे हो!”

किरकोळ जखमी व्हायला काकांचा सक्त विरोध. “किरकोळवाल्यांना बाजूला बसवून बिस्किटं देतात. तिथून काय दिसतं? गंभीर पायजे. गंभीर माणसाला सगळं दिसतं.” बेशुद्ध असले की मग ब्रह्मदेव आला तरी डोळे उघडायचे नाहीत. एकदा ड्रिल घेणाऱ्या सरकारी साहेबांनी कर्ण्यावरून ड्रिल संपल्याचं जाहीर केलं, लोक टाळ्या वाजवून वडापावकडे वळले, आणि काका गेटाजवळ तसेच स्ट्रेचरवर. कोणीतरी हलवलं तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “कागदावर मला इस्पितळात पोचवायचंय. मी अजून गेटावरच आहे.” शेवटी त्यांना गाडीत घालून खरंच इस्पितळाच्या दारापर्यंत नेऊन आणावं लागलं.

आणि ते वारले तेव्हाची गोष्ट तर आमच्या चाळीत अजून सांगतात. जखमी होते पाच आणि स्ट्रेचर चार. काका राहिले शेवटी. त्यांनी घड्याळ पाहिलं, वाट पाहिली, पुन्हा पाहिलं, मग खिशातलं पेन काढून गळ्यातला पुठ्ठा उलटा केला आणि त्यावर लिहिलं, ‘मयत’. साहेब धावत आले. “काका, असं काय करता? तुम्ही जखमी आहात!”

“होतो साहेब. तुमची वाट बघून गेलो.”

साहेब भले. रागावले नाहीत. पुढच्या ड्रिलला सहा स्ट्रेचर आली, एक जास्तीचं. काका ते जास्तीचं स्ट्रेचर सगळ्यांना घरच्या नव्या फ्रिजसारखं दाखवत होते.

ड्रिल नसेल त्या दिवसांत काका बसून राहत असतील असं कोणाला वाटलं तर त्यानं काकींना विचारावं. ऐन मे महिन्यात हे, पावसाळ्यात हमखास तुंबणाऱ्या हिंदमाताला जाऊन पाणी उपसायचा पंप सुरू करून दाखवा म्हणून पंपवाल्याच्या मागे लागणार. “पंप पावसात नाय बघायचा, पावसात सगळेच बघतात!” तिथला साडीवाला आता त्यांना बघितलं की न बोलता दुकानातलं स्टूल फुटपाथवर आणून ठेवतो. एका सरकारी कचेरीत आगीसाठी टांगलेल्या वाळूच्या बादल्या तपासून आले आणि मला लिहायला सांगितलं, “पहिली बादली, रिकामी. दुसरी, पानाच्या पिंका. तिसरीत वाळू आहे, पण ओली, कारण तिच्यात मिरचीचं रोप आहे. रोपाची तब्येत उत्तम.”

हो, हे सगळं लिहायची मी. आमच्या घरात, किंबहुना आमच्या मजल्यावर, कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. बी.कॉम. झाले त्या दिवशी बाबांनी सगळ्या चाळीला पेढे वाटले आणि काकांनी मला एक नवी फाइल आणून दिली. “आजपासून आपले अहवाल टाइप होणार.” ते वहीच्या पानावर एकाखाली एक तुटक ओळी लिहून आणायचे, मी त्यात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि ‘सदर बाब निदर्शनास आणून देण्यात येते की’ घालायची. खोटं कशाला बोलू, ती भाषा लिहिताना माझी मान ताठ व्हायची. काका म्हणायचे, “बाय, तुझं मराठी साहेबाला आवडेल, माझं त्याला कळेल. दोन्ही ठेव.” प्रत्येक अहवालाच्या शेवटी दहापैकी गुण. शून्य त्यांनी कोणालाच दिलं नव्हतं. पिंकांच्या बादलीलाही एक गुण, टांगलेली होती म्हणून. दहापैकी दहा फक्त एकदा, एका नर्सला. खोट्या पायाला खोटं बँडेज बांधताना तिनं विचारलं होतं, “काका, दुखतंय का?”

काकांचं एकच मोठं स्वप्न होतं. आमच्या स्वतःच्या चाळीत ड्रिल व्हावं. माझ्या हातची कितीतरी पत्रं गेली आणि अखेर एका शनिवारी माणसं आली. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या छातीत कळ आली आहे, त्याला खाली न्यायचंय, असं ठरलं. माणूस अर्थातच काका. स्ट्रेचरवर आडवे झाले, हात छातीवर, घड्याळ दिसेल असं. सगळी चाळ कठड्याला लोंबकळून बघतेय. आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून जिना जिथे वळतो तिथे स्ट्रेचर अडकलं. कारण त्या वळणावर एक कपाट होतं. आमचं.

ते कपाट म्हणजे साधं कपाट नाही. मी कॉलेजात गेले तेव्हा खोलीत पुस्तकांना जागा नव्हती म्हणून बाबांनी गिरणीतल्या जुन्या सागवानी खोक्यांच्या फळ्या तासून ते स्वतः केलं होतं. जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला काचेतून माझी पुस्तकं दिसायची. बाबांना ते फार आवडायचं. माणसांनी स्ट्रेचर तिरकं केलं, उभं केलं, काका त्यावर घसरत डोक्याकडून पायाकडे आले, खालून कोणीतरी ओरडलं, “काकांना पार्सल करा!” सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांना परत वर नेलं.

संध्याकाळी काका आमच्या दारात. “कपाट हलवायला पायजे.”

बाबा मालवणीत उसळले. त्यांचं चेडू, म्हणजे मुलगी, मी. “मेल्या, तू खोटो खोटो मरतलस म्हणान माझ्या चेडवाचां कपाट हलवू? हलूचां नाय!”

“अरे, उद्या खरां कायतरी झालां तर?”

“तर मी चलत जातलंय!”

दुसऱ्या दिवशी काकांनी मला अहवाल लिहायला दिला. सरकारी माणसं वेळेवर आली, नीट वागली, आठ गुण. खाली शेवटची ओळ होती, ‘चाळ: जिन्याच्या वळणावर कपाट. शून्य.’ मी म्हटलं, “काका, हे आमचं कपाट आहे.” ते म्हणाले, “माहीत आहे. म्हणून तर तुलाच लिहायला दिलंय.” मी टाइप केलं. ती शेवटची ओळ सोडून. काकांनी सही केली आणि अहवाल गेला. ‘निदर्शनास आणून देण्यात येते’ हे मी इतक्यांदा लिहिलं, पण एवढी एक गोष्ट माझ्यानं कोणाच्या निदर्शनास आणवली नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं काका पिशवीत काहीतरी खडखडवत आले. गिरणीतल्या सुताच्या ढकलगाडीची चार लोखंडी चाकं. कुठे जपून ठेवली होती देव जाणे. बाबांना म्हणाले, “कपाटाक खाली वाळवी लागात. चाकां लावूया.”

“चाकां कित्याक?”

“उद्या चेडवाचां लगीन झालां काय कपाट ढकलीत व्हरूक बरां.”

हे मात्र बाबांना पटलं. दोघांनी मिळून दुपारभर ठाकठोक केली, कपाट आपोआप सरकू नये म्हणून बाबांनी तर स्वतः चाकाखाली पाचर मारून दिली. पुढच्या रविवारी काकांनी पाचर काढून कपाट एका हातानं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ढकललं, घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, “चार सेकंद.” माझं लग्न होऊन कपाट कुठे जायचं ते अजून गेलेलं नाही, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गॅलरीपर्यंत जाऊन परत येऊ लागलं.

गेल्या वर्षी एका सकाळी बाबा दाढी करता करता खाली बसले. अंगभर घाम, हात छातीवर, तोंडाला फेस तो साबणाचाच, पण आईनं जी किंकाळी फोडली ती ऐकून काका अर्ध्या बनियनमध्ये आले. फोन गेला, गाडी आली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. मी जिन्याकडे पळाले आणि तेव्हा मला कपाट आठवलं. पण वळणावर काका आधीच उभे होते. पाचर हातात, कपाट गॅलरीत, वळण मोकळं. स्ट्रेचर कुठेही न टेकता, न तिरकं होता वळलं. काका बाजूनं एकेक पायरी उतरत बाबांवर वाकले आणि विचारलं, “दुखता काय रे?”

बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी ओठ हलले. “काच... सांभाळून ढकल, मेल्या.”

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. बाबा आता ठीक आहेत, मिठावरून आईशी भांडतात. त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर मी काकांना विचारलं, “किती मिनिटं लागली, काका? आजचा अहवाल?”

काकांनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ होतं. म्हणाले, “बघायला विसरलो गं.”

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की त्या अहवालातली शेवटची ओळ मी गाळली होती. काका बाकाची कड चाचपत म्हणाले, “सही करताना चष्मा होता माझ्या डोळ्यावर. बापाचं कपाट होतं, तू लिहिणार नाहीस हे कळलं. म्हणून चाकं शोधली.”

आता काकांना ड्रिलमध्ये घेत नाहीत. ‘या वयात खरंच काही झालं तर?’ असं साहेबांनी अगदी आदरानं सांगितलं. एकवीस वेळांत लागलं नव्हतं तेवढं काकांना तेव्हा लागलं. पण पहिला रविवार चुकत नाही. ते पाचर काढतात, दोन्ही हातांनी कपाट ढकलतात, मी वरच्या पायरीवर माझं घड्याळ घेऊन उभी.

“किती?”

परवा अकरा सेकंद लागले. सहा म्हणावंसं फार वाटलं. पण एक ओळ एकदा गाळून झाली आहे माझी. मी म्हटलं, “अकरा.”

काका थोडा वेळ कपाटाला टेकून धाप टाकत उभे राहिले. काचेच्या आतल्या माझ्या जुन्या पुस्तकांकडे बघत होते की काचेतल्या स्वतःकडे, कळलं नाही. मग मनगटावरचं किल्लीचं घड्याळ सोडून त्यांनी तळहातावर घेतलं.

“हं. बरोबर लिही. आणि पुढच्या महिन्यापासून तू ढकल, बाय. वेळ मी लावतो.”