आतोबांचं खारं पाणी

समुद्राचं तोंडही न पाहता समुद्राची सगळ्यात जास्त काळजी वाहणारा माणूस या भूतलावर एकच आहे आणि तो सोलापुरात राहतो. तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे रुसून बसलेल्या मागांची समजूत काढण्याच्या कामावर, त्यांनी उभा जन्म काढला. चाळीस मागांच्या खडखडाटात राहून त्यांना ओरडून बोलायची सवय लागलेली. ते घरात "चहा दे" म्हणाले की पलीकडच्या गल्लीत कुणीतरी आधण ठेवायचं. पण हाच माणूस माशांच्या टाकीसमोर बसला की कुजबुजायला लागे. आत्या म्हणायची, "माझ्याशी बोलताना ह्यांचा माग चालू, माशांशी बोलताना बंद."

गोड्या पाण्यातले मासे त्यांनी वीस-बावीस वर्षं पाळले. पुढच्या खोलीत तीन टाक्या होत्या आणि माणसांनी बसायची सोय उरलेल्या जागेत होती. माशांना नावं कारखान्यातली. पोट सुटलेला, कुणालाही वाट न देणारा गोल्डफिश 'शेट', कोपऱ्यात उगीच फेऱ्या मारणारा 'मुकादम', आणि दिवसभर दगडाआड झोपा काढून खायच्या वेळी सगळ्यांत पुढे येणारी एक काळी मासोळी होती, तिला ते 'युनियन' म्हणत. माझ्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच आतोबा मांडवातून गायब. जेवायच्या पंगतीत शोधाशोध झाली, तर हे घरी शेटला दाणे घालून परत येतायत. एकदा एंजल मासा मेला तेव्हा तीन दिवस दाढी केली नाही. चौथ्या दिवशी आत्याच म्हणाली, "आता आंघोळ करून या, सुतक फिटलं." आणि ते खरंच गेले.

या माशांपायीच आत्याचा समुद्र राहिला. आत्या होटगीची, जंक्शनच्या गावातली. लहानपणापासून मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या बघत वाढलेली आणि एकदाही त्यातल्या एकीत न बसलेली. समुद्र बघायचा, एवढं एकच तिनं लग्नात मागितलं होतं. आतोबा म्हणाले, "पुढच्या वर्षी." मग कारखान्यातल्या दिवस-रात्रीच्या पाळ्या आल्या, पोरीचं शिक्षण आलं, आणि पोर नांदायला गेल्यावर टाक्या आल्या. आम्ही गाडी ठरवून गणपतीपुळ्याला निघालो की आतोबांचा प्रश्न ठरलेला, "अन् ह्यास्नी कोण बघणार?" मग आत्या पिशवीत भरलेलं लुगडं परत कपाटात ठेवायची. ती कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दोन वर्षांपूर्वी ती मोरीत घसरली आणि मणका दुखावला. घरातल्या घरात फिरा, गाडीचे धक्के आता कायमचे बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर ती खाटेवर टेकली आणि शांतपणे म्हणाली, "राहिला की ओ समुद्र." तक्रार नव्हती, भाजी आणायची राहिली म्हणावं तसं म्हणाली. आतोबांनी त्या दिवशी माशांना दाणे घातले नाहीत. त्यांच्या घरातली ही केवढी मोठी घटना, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आठवड्याभरात शेट, मुकादम आणि युनियन बार्शीच्या एका मित्राकडे रवाना झाले, तीन टाक्या जाऊन एक मोठी आली आणि आतोबांनी मला बोलावून घेऊन जाहीर केलं, "आता खाऱ्या पान्यातले मासे. हिला समुद्र हितंच आनतो."

आता यात एक घोटाळा झाला, जो फक्त सोलापूरकरच करू शकतो. आमच्याकडे नळाला येतं ते गोडं पाणी आणि बोअरचं ते खारं. गोडं प्यायला, खारं भांडी-धुण्याला, हे आम्हाला अआइईच्या आधी शिकवतात. त्यामुळे पुस्तकात 'खाऱ्या पाण्याची टाकी' वाचल्यावर आतोबांना अत्यानंद झाला. जगभरचे लोक ज्या पाण्यासाठी धडपडतात ते आपल्या अंगणात मोटर लावली की येतं! त्यांनी बोअरचं दोनशे लिटर टाकीत भरलं, हळदकुंकू वाहिलं आणि पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं विचारलं, "मीठ किती घातलंत?" आतोबा मागावरच्या आवाजात म्हणाले, "मीट कशाला? खारंच हाय की ओ! साबनाला फेस सुद्दा येत न्हाय!" मग तो बिचारा समुद्र म्हणजे काय, इथपासून सांगू लागला.

त्या दिवसापासून मी समुद्राचा अधिकारी माणूस झालो, कारण नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं रत्नागिरीत काढली होती. पुण्याहून समुद्री मिठाची बादली आली, खारटपणा मोजायची काचेची नळी आली, पण आतोबांचा नळीवर विश्वास नाही. बोट बुडवून चाखायचे आणि मला विचारायचे, "खरं सांग, समुद्र किती खारट असतो? कडीएवडा का लोनच्याएवडा?" मी "दोन्हीच्या मधे" असं काहीतरी ठोकून दिलं. पाणी जमलं, तर दुकानदार म्हणाला, महिनाभर मासा सोडायचा नाही. नुसते दगड, वाळू आणि फिरतं पाणी. गल्लीतले लोक बघायला येत आणि चहा पिऊन, रिकाम्या टाकीचं कौतुक करून जात. पलीकडच्या काकूंनी तर "लई गुणाचे आहेत हो मासे, दिसतसुद्धा नाहीत" असं सर्टिफिकेट दिलं.

मासा आला तो ऐन एप्रिलात. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, अंगठ्याएवढा. बाहेर सोलापूरचं ऊन आणि टाकीत समुद्र, हे जमणार कसं? घरातला एकुलता एक टेबलफॅन टाकीवर लागला, बर्फाच्या बाटल्या पाण्यात तरंगू लागल्या आणि आतोबा बनियन पिळत माशाच्या तब्येतीची चौकशी करू लागले. एकदा मी म्हणालो, "आतोबा, तुम्हीच आडवे व्हाल." तर कुजबुजत म्हणाले, "ह्यो मेला तर मी तिला काय तोंड दाखवू रे?" मी नंतर त्या विषयावर थट्टा केली नाही.

मासा जगला. पण माझ्या डोळ्यांसमोर आहे तो मासा नव्हे, तर एका रविवारची सकाळ. आठवड्याला वीस लिटर जुनं पाणी काढून नवं घालायचं, असा या टाकीचा नेम. पूर्वीचं टाकीतलं पाणी ते तुळशीला, जास्वंदीला घालत. हे घालता येत नव्हतं, आणि चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात वाढलेला माणूस बादलीभर पाणी मोरीत कसं ओतणार? मी गेलो तेव्हा आत्या खुर्चीत बसली होती, लुगडं घोट्यावर घेऊन, आणि तिचे पाय धुण्याच्या प्लास्टिकच्या टबात होते. टबात ते खारं पाणी. आतोबा समोर उकिडवे बसून तळहातानं पाणी ढकलत होते. ते तिच्या घोट्यांवर येई आणि मागं जाई.

"काय बघालायस?" ते मला म्हणाले, पण ओरडून नाही.

आत्यानं मला विचारलं, "असंच लागतं व्हय रे पायाला?"

मी दोन वर्षं समुद्राच्या काठावर राहिलो होतो. पण बूट काढून त्यात पाय घातल्याचं मला एकदाही आठवेना. लाज वाटली. "असंच लागतं," मी म्हणालो.

"पन लाट मागं जाताना पायाखालची वाळू सरकती म्हनं. होटगीची माझी मैत्रीण सांगायची. गुदगुल्या होत्यात, असं वाटतं आपनच चाललो समुद्रात."

आतोबांचा हात थांबला. ते उठले, टाकी भरताना उरलेली वाळू डब्यातून घेऊन आले, तिचा एक पाय हलकेच उचलला आणि तळव्याखाली मूठभर पसरली. मग एका हातानं लाट आणली आणि ती मागं जाताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिच्या टाचेखालची वाळू थोडी थोडी ओढून घेतली. इतक्या सावकाश, की मागावरचा तुटलेला धागा जोडतानासुद्धा त्यांचा हात इतका जपून चालला नसेल.

"सरकली का?" त्यांनी विचारलं.

आत्यानं डोळे मिटले होते. खुर्चीचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "व्हय. धरा ओ मला."