जाळ्याचा धागा आणि नातीचं ग्राफिक्स कार्ड

मंडळी, आज सकाळी नातीचा गेमिंग कॉम्प्युटर मोठ्यानं घरघरायला लागला. ग्राफिक्स कार्ड तापून गेम बंद पडत होता. दुपारी तिची स्पर्धा होती.

माझी सून बोईसरच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करते. तिनं वीज बंद करून कॉम्प्युटर उघडला. कार्डाच्या पंख्यात नायलॉनचा धागा गुंडाळला होता. मी शेजारीच जमिनीवर बसून मासेमारीची जाळी सांधतो, त्यातलाच. तिनं तो चिमट्यानं अलगद काढला. वीज सुरू केल्यावर पंखा आवाज न करता फिरू लागला.

"मी बाहेर ओट्यावर बसत जाईन," मी म्हणालो.

"ओट्यावर ऊन हाय, बाबा. तुमी इथंच बसा. कॉम्प्युटर मी वर टेबलावर ठेवते."

चूक माझी होती, पण जागा तिनं मशीनची बदलली. तुमच्या घरी असं कोण आहे?