आतून तापणारे साडू

आमच्या साडूंइतका हेवा करण्याजोगा माणूस नाशिकपासून मनमाडपर्यंत दुसरा सापडायचा नाही. माझ्या धाकट्या मेहुणीचे ते यजमान. नव्वदच्या दशकात ते परदेशी गेले आणि जमिनीखालच्या बोगद्यात अणूहून बारीक कण एकमेकांवर आदळवणाऱ्या एका प्रचंड यंत्रावर काम करू लागले. फिरणारे कण शेवटी बोगद्याबाहेर काढावे लागतात. त्या बाहेरच्या वाटेवरचे धातूचे भाग भरकटलेल्या कणांच्या माऱ्याने तापतात. ते किती तापतील याचं गणित साडू मांडायचे. मी सातपूरच्या कारखान्यात गिअर आणि शाफ्ट कडक करायची भट्टी सांभाळायचो. म्हणजे आयुष्य दोघांचंही उष्णतेत चाललेलं, पण सासूबाई शेजारणींना जावयाचं काम सांगत ते त्यांचं. मी कुठे असतो असं कुणी विचारलंच, तर “सातपूरला” एवढ्यावर भागायचं.

सुट्टीवर आले की दिसेल त्या वस्तूला उलटा तळहात लावून बघायची साडूंना खोड होती. टीव्हीची पाठ, फ्रिजची बाजू, मिक्सर, कशालाच सुटका नाही. त्र्यंबकला जाताना माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरलाही त्यांनी हात लावला आणि फोड आला. चूक त्यांची, पण घरी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोने तर त्यांच्या हाताला मलम लावता लावता स्कूटर विकायची गोष्ट काढली. जेवताना त्यांचा हात पुरणपोळीकडेही जायचा, तो खाण्याआधी तापमान बघायला. एकदा ते सासूबाईंना समजावत होते की पोळी तव्यावर बाहेरून तापते, पण त्यांच्याकडचा धातू कणांचा मारा खोलवर पोचल्यामुळे आतूनच तापतो. सासूबाईंनी माझ्या ताटात तूप वाढत म्हटलं, “आतून तापणारी माणसं पाहिलीत मी. धातू नव्हता पाहिला.”

पुढे दोन हजार सालानंतर एका हिवाळ्यात ते एकटेच आले आणि नेहमीसारखे बोलेनात. कशाला हातही लावेनात. बाहेरच्या वाटेवरचा एक जाड भाग वरून पाणी खेळवून थंड होणार नाही, गाभा तापतच राहील, असं त्यांचं गणित सांगत होतं. वरिष्ठांना ते पटलं नाही, आणि काम दुसऱ्याकडे गेलं. हे सगळं मेहुणीने फोनवर बायकोला सांगितलं, बायकोने मला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण जरा जास्तच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी भट्टी बघायची इच्छा दाखवली. इतक्या वर्षांत कुणी दाखवली नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना घेऊन गेलो. एक जाड शाफ्ट लाल करून तेलात बुडवला आणि मुद्दाम लवकर वर काढला. वरून काळा पडलेला तो तुकडा बघता बघता आतल्या धगीने पुन्हा लालसर झाला. साडूंनी त्या लाल तुकड्याकडे बोट दाखवलं.

“हेच मी त्यांना सांगत होतो,” ते म्हणाले. “पण आमचं यंत्र चालू असताना आत कुणाला जाता येत नाही. तुम्हाला निदान दिसतं तरी.” मग खाली बघत म्हणाले, “साडूभाऊ, इथे माझ्यासाठी काही जागा आहे का?”

क्षणभर मला सगळं दिसलं. साडू माझ्या हाताखाली, माझ्याच पाळीला, डबा घेऊन. आणि सासूबाई शेजारणींना सांगताहेत की थोरल्याने धाकट्याला चिकटवलं. साहेबांकडे शब्द टाकला असता तर जागा निघालीही असती.

“नाही,” मी म्हणालो. “आणि असती तरी दिली नसती. परत जा. तेच गणित पुन्हा मांडा, त्यांचं डोकं उठेपर्यंत.”

असं का म्हणालो, देव जाणे. कदाचित रोज इतक्या जवळून हेवा करणं मला झेपलं नसतं.

ते परत गेले, भांडले. शेवटी तो भाग बदलला, पाण्याच्या वाटा थेट गाभ्यातून नेल्या. बातमी आली तेव्हा सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले आणि मला मात्र एकही पेढा गेला नाही. साडूंना परत कुणी पाठवलं हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही नाही.

सासूबाई गेल्यावर साडूंचं येणं कमी झालं, मग थांबलंच. आता सासरच्या बैठकीत मी एकटाच जावई असतो. माझ्या भट्टीबद्दल लोक आपणहून विचारतात, कौतुक करतात. मी सांगतो, पण मन लागत नाही.