राऊत सरांनी शिकवलेलं सरतं

यवतमाळच्या आमच्या तांत्रिक शाळेत राऊत सर सकाळी कारखान्यात शिरले की बाकाबाकापाशी थांबून एकच प्रश्न विचारत. "कागदवाल्या, लाकूडवाल्याले इचारलं काय? लाकूडवाल्या, लोखंडवाल्याले इचारलं काय?" 'हो' म्हटलं की लगेच दुसऱ्याकडे वळून, "काय सांगतलं बे यानं?" खोटं तिथंच उघडं पडे. सर आता नाहीत. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. ते जे काही झालं, त्यात सरांचा वाटा फार मोठा आहे.

शेवटच्या वर्षी ते रेखाटन, सुतारकाम आणि लोहारकाम शिकणाऱ्यांतून एकेक मुलगा घेऊन तिघांची टोळी करत. टोळीला काम एक आणि गुणही एकच. माझ्या टोळीत शहरातल्या सुताराचा वसंता होता आणि राजूरच्या खाणकामगाराचा गणपत. रेखाटनाचा कागद माझ्याकडे, लाकूड वसंताकडे, लोखंड गणपतकडे. काम मिळालं सरकी पेरायच्या सरत्याचं. सरतं म्हणजे औतामागे बांधायची नळी. मागून चालणारी बाई तिच्या तोंडात बी सोडत जाते.

"पेरनी कोनं जवळून पाह्यली?" सरांनी विचारलं.

दोघांनी माना हलवल्या. मीही म्हणालो, "नाही, सर."

मी बोरी अरबजवळच्या खेड्यातला. आई दरवर्षी दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं सरतं धरायची. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. शाळेत घरचा विषय निघू नये म्हणून मी जपून असे.

आमच्या नळीत सरकी अडकू लागली. बियांवरच्या तंतूंमुळे त्यांचे पुंजके होत. नळी रुंद केली, तर पुंजकाच खाली पडे.

"तुह्यं लाकूडच खडबडीत!" गणपत वसंतावर ओरडे.

"अन् तुह्या पत्र्याचं तोंड वाकडं, त्याचं काय?"

परीक्षेला आठवडा उरला. नापास झाला तर शाळा बंद, असं वसंताच्या बापानं बजावलं होतं. वसंता नळी मांडीवर घेऊन रडत बसला. सरकी का अडकते, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"सर, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "माही माय पेराच्या आंधी सरकी शेणामातीत चोळते. मंग दाने सुटे होतेत."

मला वाटलं, आता मार बसणार. सर म्हणाले, "मंग मायले बलाव. मलेई शिकाचं हाये."

आई आली आणि दारातच थबकली. सरांनी तिला आत नेलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि शेणामातीच्या घमेल्यात हात घातले.

"मास्तर, हात कायले भरवून राह्यले?"

"शिकून राह्यलो, बाई. जोर किती लावाचा?"

"लेकराचं डोस्कं चोळता, तेवढा."

वसंता कितीतरी दिवसांनी हसला. मग आईनं नळी हातात धरून पाहिली. "तोंड मोठं कर, बाबू. मूठ बसत नाही माही." गणपतनं त्याच दिवशी पत्रा बदलला.

परीक्षेत दाणे एकेक करून पडले. नागपूरच्या परीक्षकांनी मी काढलेला सरत्याचा नकाशा हाती घेतला. त्याच्या कोपऱ्यात 'तपासणार' या शब्दापुढे सर एरवी स्वतःची सही करत. या वेळी तिथं त्यांनी आईचं नाव लिहिलं होतं.

"या यशोदाबाई कोणत्या विभागाच्या शिक्षिका?"

वसंता आणि गणपत माझ्याकडे पाहू लागले.

"माही माय हाये, साहेब," मी म्हणालो. "लोकाईच्या वावरात मजुरीनं सरतं धरते."