भरावावरची वाट

आमची पोह्याची गाडी म्हणजे जुना मालवाहू टेम्पो. आधी आमचे हे तो भाड्यानं चालवायचे, मग मीच त्यात शेगडी चढवली. पांढरकवड्याच्या वेशीवर, हैदराबादच्या रस्त्याला, कित्येक वर्षं आम्ही तर्री-पोहे, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, विकतोय. गाडी त्यांची, तर्री माझी, आणि गिऱ्हाईक तर्रीला येतं. यात वाद नाही.

मग नवा रस्ता झाला, आमच्या डोक्यावरून, उंच भरावावर. ट्रक वरूनच जायला लागले. खाली उरलो आम्ही आणि माशा.

"इकून टाकू गाडी," हे म्हणाले. "आता इथं कोण येते?"

"इका न. संगं मलेबी इका, नाईतर तर्री कोण करन?"

थट्टेत बोलले खरी. आमचं घर त्या गाडीवरच चाललं होतं. तरी पावसाळा सरला की गॅरेजवाले मिस्त्री विकत घ्यायला गाडी बघून जाणार, असं ठरलं.

मी आपली रोज पहाटे तर्रीला फोडणी देत राहिले. हट्ट म्हणा हवं तर. एका सकाळी वर ट्रक थांबला आणि ओळखीचा म्हातारा ड्रायव्हर, डबा छातीशी धरून, भरावावरून घसरत खाली आला.

"काहून जीव धोक्यात घालता, भाऊ?"

"वरतं रस्ता भेटला, पोहे नाई भेटले," तो म्हणाला. "तर्री जरा सढळ टाका, वहिनी."

पुढं आणखी काही जण तसेच उतरू लागले. चार दिवसांचं कौतुक, असं मला वाटलं.

पावसाळ्यात सगळा भराव गवतानं झाकला गेला. एका सकाळी पाऊस उघडला आणि माझं लक्ष वर गेलं. त्या हिरव्यात एक उघडी मुरमाची रेघ होती, वरच्या कठड्यापासून थेट आमच्या गाडीपर्यंत. तिथं गवताला उगवायला उसंतच मिळाली नव्हती. मी झारा हातात धरून बघतच राहिले. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, त्यांच्या पायांनी माझ्यापर्यंत वाट पाडली होती. ह्यांना हाक मारून दाखवली, तर हे त्या रेघेनं अर्ध्यापर्यंत चढले आणि घसरत खाली आले.

ठरल्याप्रमाणे मिस्त्री आले, तेव्हा हे गाडीपाशी नव्हते. मी भरावाकडे बोट दाखवलं. हे कुदळीनं त्या वाटेवर पायऱ्या खोदत होते.

"गाडी दाखवता न?" मिस्त्रींनी खालून विचारलं.

ह्यांनी मान वर केली नाही. "आज नाई, मिस्त्री. लोकायचे पाय घसरून राह्यले इथं."