गेटवर दाखवलेलं लाळेरं

माझ्या हातून काय झालं ते ऐकलंत, तर तुम्ही मला पिठाच्या गिरणीवरसुद्धा एकटीला पाठवणार नाही. पण पोटात ठेवून ठेवून मलाच त्रास व्हायला लागलाय, म्हणून सांगते.

आमच्या चारकोपला माझ्या दाराला दार लागून स्नेहल राहते. तिचा मुलगा ओमी, आत्ता कुठं धरून उभा राहायला लागलाय. नवरा नोकरीला नाशिकला. ही पोरगी लग्नाआधी खूप धावायची म्हणे. बाळंतपणानंतर सगळं बंद. एकदा तिनं सासूबाईंना फोनवर 'पुन्हा धावू का' असं नुसतं विचारलं, तर त्यांनी कुडाळहून असा आवाज चढवला की विषयच संपला. हे मला कसं माहीत विचारू नका. भिंती पातळ आहेत.

तर आमच्या भागात तीन किलोमीटरची शर्यत होती. त्यात बाबागाडीत मूल घेऊन धावणाऱ्या आयांचा वेगळा गट. स्नेहलनं गुपचूप नाव दिलं. मला म्हणाली, "काकू, टायमिंग लिहिलेलं सर्टिफिकेट हातात आलं की तेच सासूबाईंसमोर ठेवते. तोपर्यंत कुणाला बोलायचं नाही हं."

मी कशाला बोलतेय?

शर्यतीच्या सकाळी मी तिच्या घरी पिशवी भरत होते आणि ती आत ओमीला कपडे घालत होती. तिथून ओरडली, "काकू, बिब घेतलंत ना पिशवीत? त्याच्याशिवाय सोडत नाहीत."

"घेतलं गं."

बिब म्हणजे लाळेरं, एवढं मला कळतं. माझ्या नातीच्या लाळेऱ्यांच्या पाकिटावर तेच तर लिहिलेलं असायचं. मी ओमीचं बदकाचं लाळेरं घेतलं, वर आणखी दोन घेतली. टेबलावर कसलासा आकडा छापलेला एक जाड कागद पडला होता, त्याला सेफ्टी पिना लावलेल्या. म्हटलं, रांगत्या पोराच्या घरात पिना अशा उघड्यावर? कागद उचलून कपाटावर टाकला आणि कुलूप लावून आम्ही निघालो.

गेटवर टी-शर्टवाली एक मुलगी उभी होती. "आंटी, बिब?"

मी ऐटीत बदक काढून दाखवलं.

ती बदकाकडे बघते, माझ्याकडे बघते. "आंटी, हे नाही. नंबरवालं. छातीवर लावायचं."

"अगं, लाळेरं छातीवरच लावतात ना?"

स्नेहलनं माझ्या हातातून पिशवी घेतली, तळापर्यंत हात घातला, तिन्ही लाळेरी बाहेर काढली आणि गेटला टेकून उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. त्या कागदातच वेळ मोजणारी चिप होती. कागद कपाटावर, कपाट घरात, आणि शर्यत सुटायच्या बेतात.

मी त्या मुलीच्या हातापाया पडले. शेवटी तिनं यादीत नाव शोधलं आणि म्हणाली, "बरं, धावू दे त्यांना. तुम्ही मोबाईलवर टाइम लावा, दाखवा, मी हातानं लिहून देते."

स्नेहलनं आपला फोन माझ्या हातात दिला. "काकू, मी निघाले की हिरवं दाबायचं. पोचले की लाल. बाकी कश्शाला हात लावू नका. प्लीज."

ती गाडी ढकलत निघाली, मी हिरवं दाबलं. इथपर्यंत सगळं झकास.

मग फोन वाजला. 'सासूबाई'. आता वाजता फोन उचलायचा नाही, हे मला जमतं का?

"स्नेहल खंय आसा?"

"मी शेजारची बोलतेय. स्नेहल धावतेय." जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"धावतासा? आणि माझो नातू खंय?"

"गाडीत."

"गाडयेत? आणि ह्या?"

"ही गाडीच्या मागं धावतेय ना."

पलीकडून एकदम बारीक आवाज आला, "पोलिसांक सांगितलास?"

मला वाटलं, बंदोबस्ताचं विचारतायत. म्हटलं, "हो हो, पोलीस आहेत इथं. रस्ता बंद केलाय त्यांनी, काळजी करू नका."

त्यांनी जो टाहो फोडला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी 'बाबागाडी, बाबागाडी' म्हणून सांगतेय, तिकडे कोण ऐकतंय? घाबरून फोन कट करायला लाल दाबलं. कट झाला की नाही कळेना, म्हणून परत लाल दाबलं. ते दुसरं लाल घड्याळाचं होतं.

स्नेहल आली ती घामानं निथळत, दात सगळे बाहेर. मूल झाल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. "काकू, किती लागला?"

गेटवरच्या मुलीनं फोन बघितला. "आंटी, एवढ्यात तर रिक्षाही जाऊन येत नाही." आणि सर्टिफिकेटवर वेळेच्या जागी एक आडवी रेघ मारली. तेवढ्यात नाशिकहून नवऱ्याचा फोन. त्याला आईनं सांगितलं होतं, पोराला पळवलं म्हणून. पोर सुखरूप आहे, असं त्यानं कितीही समजावलं तरी सासूबाई ऐकेनात. स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नव्हत्या. गावाहून निघाल्याच.

आल्या त्या थेट ओमीला उचलून चाचपायला लागल्या. स्नेहल खाली मान घालून उभी. शेवटी तिनं ते रेघेचं सर्टिफिकेट पुढं केलं आणि सगळं सांगून टाकलं. मी चहा घेऊन गेले होते, ती दारातच थांबले. म्हटलं, आता वाट लागली पोरीची.

सासूबाईंनी कागद उलटसुलट करून बघितला. "तीनच किलोमीटर? ह्याच्या बापाशीक कडेर घेवन मी ह्याच्याहून लांब बाजाराक जाय." कागद नीट घडी करून तिच्या हातात दिला. "धाव गो, कितीव धाव. पण त्या शेजारणीक बरोबर न्हेव नको."